उघड्या हातांचा सेकंड बेसमन: बिड मॅकफीची कारकीर्द समजून घेताना

बेसबॉलचा फिल्डर म्हटलं की आधी आठवतो तो त्याच्या हातातला सुपाएवढा चामडी ग्लोव्ह. पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराकडून सलग अठरा हंगाम खेळलेल्या एका माणसाने त्यातले पहिले चौदा हंगाम उघड्या हातांनी काढले. तेही 'सेकंड बेस' या जागेवर, जिथे चेंडू सतत येत राहतो. शिवाय त्या जागेवरचा आपल्या काळातला सर्वोत्तम फिल्डर म्हणून त्याचं नाव झालं. त्याचं पूर्ण नाव जॉन अलेक्झांडर मॅकफी, पण सगळं जग त्याला बिड मॅकफी म्हणायचं.

क्रिकेटवर वाढलेला मराठी वाचक इथेच अडवेल. "त्यात काय विशेष? आमचे स्लिपमधले फिल्डर आजही उघड्या हातांनीच कॅच घेतात." शंका रास्त आहे. क्रिकेटचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, तर बेसबॉलचा १४२ ते १४९ ग्रॅमचा. म्हणजे आपलाच चेंडू जास्त जड, आकाराने किंचित लहान आणि हाताला जास्त कडक. मग मॅकफीचं एवढं कौतुक कशासाठी? उत्तर चेंडूच्या वजनात नाही. तो हातात किती वेळा येतो आणि कुठून कुठून येतो, हे बघावं लागतं.

त्यासाठी सेकंड बेसमन नेमकं काय करतो हे आधी पाहू. बेसबॉलचं आतलं मैदान चौकोनी असतं, त्याला डायमंड म्हणतात. चार कोपऱ्यांपैकी एक होम, जिथे बॅटर उभा राहतो, आणि बाकीचे तीन बेस. दोन बेसमधलं अंतर ९० फूट. बॅटरने चेंडू मारला की तो पहिल्या बेसकडे धावत सुटतो. चेंडू जमिनीवरून सरपटत गेला, तर फिल्डरने तो उचलून, बॅटर पोहोचायच्या आत, पहिल्या बेसवरच्या खेळाडूकडे फेकायचा. चेंडू आधी पोहोचला तर बॅटर आउट. शाळेत सॉफ्टबॉल खेळलेल्यांना हे लगेच कळेल. क्रिकेटवाल्यांनी असं समजावं की रनआउट हा इथे कधीमधी होणारा अपघात नसून रोजचं काम आहे, आणि ते करायला तीन-चार सेकंदांच्या वर वेळ मिळत नाही.

सेकंड बेसमन पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात उभा असतो. त्याच्याकडे मारलेले सरपटी चेंडू येतात, छोटे उंच कॅच येतात, कुणी दुसऱ्या बेसची चोरी करायला, म्हणजे फटका नसतानाच तिथे पोहोचायला धावला, तर बॅटरमागे बसलेल्या कॅचरने जोरात फेकलेला चेंडू येतो. पण त्याची खरी परीक्षा डबल प्लेमध्ये, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना आउट करण्यात. समजा पहिल्या बेसवर एक रनर (आधीच तिथे पोहोचलेला बॅटर) उभा आहे आणि बॅटरने सरपटी चेंडू शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरकडे मारला. शॉर्टस्टॉप तो उचलून सेकंड बेसमनकडे फेकतो. सेकंड बेसमन धावत येऊन बेसला पाय लावतो, की रनर आउट. मग अंगावर घसरत येणाऱ्या त्याच रनरचे खिळ्यांचे बूट चुकवत, गर्रकन वळून तो चेंडू पहिल्या बेसवर फेकतो, की बॅटरही आउट. चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंतचा क्षण जितका छोटा, तितका सेकंड बेसमन मोठा. या कामात मॅकफी आपल्या लीगमध्ये अकरा हंगामांत अव्वल होता.

आता हे सगळं आठवड्यातून एकदा होत नाही. एप्रिलपासून शरद ऋतूपर्यंत, जवळजवळ रोज. १८८२ मध्ये त्याचा संघ हंगामात ८० सामने खेळायचा, चार वर्षांत तो आकडा १४०च्या आसपास गेला. मैदानं खडबडीत. एकच चेंडू फाटेपर्यंत किंवा हरवेपर्यंत चालवायची पद्धत, त्यामुळे तो मळून काळा झालेला. समोरून आपलाच सहकारी जवळच्या अंतरावरून पूर्ण ताकदीने फेकतोय. क्रिकेटमध्ये स्लिपच्या फिल्डरला अख्ख्या दिवसात दोन कॅच आले तरी तो गाजतो. इथे तेवढं काम पहिल्या अर्ध्या तासात होऊ शकतं.

मॅकफीचा जन्म १ नोव्हेंबर १८५९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या मसीना या गावी झाला. पुढे कुटुंब पश्चिमेकडे इलिनॉयमध्ये गेलं. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टच्या संघातून १८७७ मध्ये तो पैसे घेऊन खेळू लागला. मग मध्येच खेळ सोडून त्याने हिशेबनीसाची नोकरी धरली! आज हे विचित्र वाटेल, पण तेव्हा व्यावसायिक बेसबॉल हा काही भरवशाचा धंदा नव्हता. संघ हंगामाच्या मध्यात बुडायचे, पगार थकायचे. वह्या लिहिणाऱ्याला निदान महिन्याच्या महिन्याला पैसे मिळत. १८८१ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनच्या संघासाठी तो पुन्हा मैदानात उतरला आणि १८८२ मध्ये सिनसिनाटीला आला तो कायमचाच.

सिनसिनाटीची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. हे जर्मन स्थलांतरितांचं, बिअर गाळणाऱ्यांचं शहर. उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देणारा पहिला संघ १८६९ मध्ये याच शहरात उभा राहिला होता. नंतर नॅशनल लीग या तेव्हाच्या मुख्य स्पर्धेत सिनसिनाटीचा संघ होता, पण मैदानावर बिअर विकणं आणि रविवारी मैदान भाड्याने देणं सोडायला तो तयार होईना. १८८०च्या हंगामानंतर लीगने त्याला बाहेर काढलं. लीगच्या मंडळींना बेसबॉल हा सभ्य, चर्चला जाणाऱ्या मध्यमवर्गाचा खेळ करायचा होता. तिकीट ५० सेंट, रविवारी खेळ बंद, दारू बंद.

काढून टाकलेल्यांनी आणि कधी बोलावलंच नव्हतं अशांनी मिळून अमेरिकन असोसिएशन नावाची दुसरी लीग काढली. तिकीट २५ सेंट, जिथे स्थानिक कायदा आड येत नसेल तिथे रविवारी सामने, आणि प्यायला बिअर. कारखान्यात सहा दिवस राबणाऱ्या माणसाला सुट्टी रविवारीच असायची, त्यामुळे ही लीग त्याची झाली. विरोधकांनी तिला 'बिअर आणि व्हिस्की लीग' म्हणून हिणवलं. पहिल्याच वर्षी, १८८२ मध्ये, सिनसिनाटीने ५५ सामने जिंकून आणि २५ हरून विजेतेपद मिळवलं. त्या संघात विल व्हाइट हा चष्मा लावून खेळणारा पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा) होता, तिसऱ्या बेसवर हिक कार्पेंटर हा चक्क डावखुरा खेळाडू होता (त्या जागेवर डावखुरा माणूस आज कुणी उभा करणार नाही, कारण फेकण्याआधी त्याला पूर्ण वळावं लागतं), आणि सेकंड बेसवर बावीस वर्षांचा मॅकफी. पहिल्या हंगामात त्याची बॅट फारशी चालली नाही, .२२८ची सरासरी, म्हणजे शंभर प्रयत्नांत तेवीसच्या आसपास हिट (फटका मारून बेस गाठणं). पण फिल्डिंग अशी की त्याला बसवायचा विचार कुणी केला नाही.

तेव्हा ग्लोव्ह नव्हतेच असं मात्र नाही. १८७५ मध्ये सेंट लुइसच्या चार्ली वेट या फर्स्ट बेसमनने ग्लोव्ह घातला होता. लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून कातडीच्या रंगाचा! तरी लक्षात आलंच आणि त्याची टर उडवली गेली. दोन वर्षांनी अल्बर्ट स्पाल्डिंग या नामांकित खेळाडूने उघड उघड काळा ग्लोव्ह घातला. त्याला हसायची कुणाची हिंमत झाली नाही. स्पाल्डिंगचं स्वतःचं खेळसाहित्याचं दुकान होतं, हेही ओघाने सांगायला हवं. १८८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बोटं मोडून बसलेल्या एकेका खेळाडूने ग्लोव्ह जवळ केला आणि मॅकफीसारखे उघड्या हातांचे खेळाडू कमी कमी होत गेले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, नाहीतर मॅकफी निव्वळ हेकेखोर वाटतो. त्या काळातला ग्लोव्ह म्हणजे आजचा ग्लोव्ह नाही. तो पातळ चामड्याचा, पुष्कळदा बोटं कापलेला, फार तर तळव्यावर थोडं अस्तर असलेला असायचा. काही खेळाडू दोन्ही हातांत घालायचे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये चेंडू अडकवणारी जाळी, खोल खळगा, यातलं काहीही तेव्हा नव्हतं. ती जाळी आणि खळगा असलेला ग्लोव्ह सेंट लुइसचा पिचर बिल डोक याच्या कल्पनेतून १९२०च्या सुमारास आला. म्हणजे १८८५चा ग्लोव्ह तळवा वाचवायचा, कॅच पकडून द्यायचा नाही. चेंडू पकडायचं काम बोटांचंच.

मॅकफीने १८९० मध्ये एका सिनसिनाटी वृत्तपत्राला आपली बाजू सांगितली होती. तिचा आशय असा, की मला ग्लोव्हची गरज कधी वाटली नाही, हातावर काही असलं तर फेकलेला चेंडू मला नीट धरता येत नाही, आणि ग्लोव्हचं हे प्रकरण जरा अतीच झालंय. हंगामाच्या सुरुवातीला जोरात मारलेले चेंडू थोडे झोंबतात, पण सवय झाली की त्रास राहत नाही, असंही तो म्हणाला. हात कडक व्हावेत म्हणून तो दरवर्षी हंगामाआधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा.

या म्हणण्यात तथ्य होतं. उघड्या हातांनी चेंडू धरायचा तर दोन्ही हात वापरावे लागतात आणि चेंडू येईल तसे हात मागे घ्यावे लागतात, म्हणजे त्याचा जोर एका क्षणात तळव्यावर न आदळता थोड्या अंतरात जिरतो. आपले क्रिकेटचे प्रशिक्षक 'सॉफ्ट हॅंड्स' म्हणतात ते हेच. दोन्ही हात चेंडूवर असल्यामुळे फेकणारा हात आधीच तिथे असतो. ग्लोव्हमधून चेंडू काढण्यात जाणारा वेळ वाचतो. डबल प्लेमध्ये हाच वेळ निर्णायक असतो, आणि मॅकफी डबल प्लेत वर्षानुवर्षं पुढे का राहिला याचं थोडंफार स्पष्टीकरण यात मिळतं, असं मला वाटतं.

आता आकड्यांकडे येऊ, कारण मॅकफीबद्दलचा सगळा वाद आकड्यांवरच आहे. फिल्डर किती भरवशाचा हे मोजायला 'फिल्डिंग टक्केवारी' वापरतात. हिशेब सोपा आहे. फिल्डरने स्वतः केलेले आउट आणि त्याच्या फेकीने झालेले आउट यांची बेरीज घ्यायची. तिला, त्याच बेरजेत चुका मिळवून येणाऱ्या आकड्याने भागायचं. १.००० म्हणजे एकही चूक नाही. मॅकफी लीगमध्ये आला तेव्हा सेकंड बेसमनची टक्केवारी .९००च्या आसपास असली तरी बरी मानत, म्हणजे दहातला एक चेंडू हुकायचा. आज त्याच जागेवर .९८०च्या वर अपेक्षा असते. मग मॅकफीचे सुरुवातीचे आकडे आजच्या सुमार खेळाडूपेक्षाही खाली दिसतात, आणि नुसता तक्ता वाचणारा फसतो. त्याची तुलना करायची तर त्याच मैदानावर, तसल्याच चेंडूने खेळणाऱ्या त्याच्या काळातल्या बाकीच्या सेकंड बेसमनशी. त्यांतले बहुतेक हळूहळू ग्लोव्ह घालू लागले होते आणि तरीही हा त्यांच्या पुढे असायचा.

या टक्केवारीत आणखी एक खोट आहे. जो फिल्डर चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, त्याच्या नावावर चूक लागत नाही. आळशी माणसाची टक्केवारी उत्तम राहू शकते. म्हणून एकूण किती चेंडू हाताळले हेही बघावं लागतं. तिथे मॅकफीचा १८८६चा हंगाम आहे. त्या वर्षी त्याने सेकंड बेसवर ५२९ खेळाडू स्वतः बाद केले, म्हणजे सामन्याला पावणेचारच्या आसपास. हा विक्रम आजही कायम आहे. कारकिर्दीतली त्याची एकूण बेरीज साडेसहा हजारांवर जाते, तीही सेकंड बेसमनमध्ये सर्वाधिक.

अर्थात यात काळाचा वाटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आज बॅटर हुकून आउट होण्याचं प्रमाण खूप मोठं आहे, साधारण पाचातल्या एकाहून जास्त. मॅकफीच्या काळात बहुतेक बॅटर चेंडू खेळात ढकलायचे, त्यामुळे फिल्डरना कामही जास्त. आजच्या सेकंड बेसमनला हंगामात तीनशे मिळाले तरी खूप. ५२९चा विक्रम मोडला जाणार नाही तो यामुळेच. पण त्याच काळातले बाकीचे सेकंड बेसमन तेच काम करत असूनही त्या आकड्यापर्यंत पोहोचले नाहीत, हेही खरं आहे.

बॅटिंगमध्ये तो असामान्य नव्हता. कारकिर्दीची सरासरी .२७२. पण २,१००हून जास्त सामने, सव्वादोन हजारांहून जास्त हिट आणि दीड हजारांहून खूप जास्त धावा, हे काही कमी नाही. १८८६ मध्ये तर त्याने लीगमध्ये सर्वाधिक होम रन (एकाच फटक्यावर चारही कोपऱ्यांची फेरी) मारले, किती तर आठ! तेव्हा चेंडू कुंपणापार क्वचितच जाई. लांब मारून धावत तिसरा बेस गाठणं, म्हणजे ट्रिपल, हे त्या काळाचं खरं हत्यार आणि मॅकफीच्या नावावर असे १८०हून जास्त ट्रिपल आहेत. १८८७ मध्ये त्याच्या खात्यात ९५ स्टोलन बेस जमा आहेत, पण हा आकडा जपून वाचावा. दुसऱ्याच्या हिटवर एक बेस जास्त पळालं तरी १८९८पूर्वी ती 'चोरी' धरत. आजच्या नियमाने त्याचे आकडे बरेच खाली येतील.

अठरा वर्षं एकाच शहरात. आज वाचताना ही निष्ठा वाटते, आणि असेलही. पण तेव्हाच्या खेळाडूला फारसा पर्यायच नव्हता. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपसांत ठरवलं की प्रत्येक संघ पाच खेळाडू राखून ठेवेल आणि दुसरा कुणी त्यांना बोलावणार नाही. हळूहळू ती संख्या जवळजवळ पूर्ण संघापर्यंत वाढली आणि प्रतिस्पर्धी लीगही त्या करारात सामील झाली. करार एका वर्षाचा, पण वर्ष संपल्यावरही खेळाडू त्याच मालकाचा. पटत नसेल तर घरी बसा. ही 'रिझर्व्ह' पद्धत १९७५पर्यंत टिकली. १८९० मध्ये जॉन माँटगोमेरी वॉर्ड या शॉर्टस्टॉपच्या पुढाकाराने (हा गृहस्थ खेळता खेळता कायद्याची पदवी घेतलेला) खेळाडूंनी स्वतःची लीग काढून बंड केलं. बरेच नामांकित खेळाडू तिकडे गेले, मॅकफी सिनसिनाटीतच राहिला. बंडाची लीग एका हंगामात संपली. त्याच वर्षी सिनसिनाटीचा संघ मात्र नॅशनल लीगमध्ये परत गेला होता.

तिथलं १८९०चं दशक काही सभ्य नव्हतं. सामन्याला बहुधा एकच पंच. त्याची पाठ वळली की रनरचा पट्टा धरून ठेवणं, बेस न शिवताच पुढे पळणं, आडवं येणं, शिवीगाळ, हे सर्रास चालायचं. अशा काळात मॅकफी दारूपासून लांब, पंचांशी न भांडणारा, शांत खेळाडू म्हणून ओळखला गेला.

मग १८९६ साल आलं. मॅकफी छत्तीस वर्षांचा, बोटाला दुखापत झालेली, आणि त्याने अखेर ग्लोव्ह घातला. एव्हाना ग्लोव्ह बरेच जाड झाले होते, इतके की आदल्या वर्षी लीगला नियम करावा लागला होता. कॅचर आणि फर्स्ट बेसमन सोडून बाकीच्यांचा ग्लोव्ह दहा औंसांपेक्षा जड चालणार नाही, असा तो नियम. त्या हंगामात मॅकफीची फिल्डिंग टक्केवारी होती .९७८. सेकंड बेसमनसाठी तो नवा विक्रम होता आणि तो १९२५पर्यंत टिकला.

यावरून सहसा निष्कर्ष काढतात की बघा, आधीच ग्लोव्ह घातला असता तर काय झालं असतं! मला हा निष्कर्ष अर्धाच पटतो. १८८४ मध्ये त्याने ग्लोव्ह घातला असता तर तो १८८४चा ग्लोव्ह असता, आणि त्याने फारसा फरक पडला नसता. उघड्या हातांची शेवटची चार-पाच वर्षं मात्र त्याने उगीच ताणली, असं म्हणता येईल. त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट विक्रमाच्या आयुष्याची आहे. पुढच्या एकोणतीस वर्षांत ग्लोव्ह सुधारत गेले, मैदानं सपाट झाली, सामन्यात चेंडू बदलू लागले. तरी छत्तिसाव्या वर्षी, पहिल्यांदाच ग्लोव्ह घालणाऱ्या माणसाने केलेला विक्रम ग्लोव्हवरच वाढलेल्या पिढीला १९२५पर्यंत मोडता आला नाही. चौदा वर्षं उघड्या हातांनी शिकलेली पकड ग्लोव्हच्या आतही काम करत होती, याहून वेगळं कारण मला दिसत नाही.

१८९९च्या हंगामानंतर तो थांबला. १९०१ मध्ये त्याच संघाचा मॅनेजर झाला, संघ तळाला राहिला, पुढच्या वर्षी मध्येच त्याने पद सोडलं. काही काळ नवे खेळाडू हेरायचं काम केलं आणि मग कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला जाऊन राहिला. ३ जानेवारी १९४३ रोजी, त्र्याऐंशीव्या वर्षी, तिथेच त्याचं निधन झालं.

कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानदालनात, पहिले खेळाडू १९३६ मध्ये निवडले गेले. तेव्हा मॅकफी जिवंत होता, पण मत देणाऱ्यांपैकी त्याला खेळताना पाहिलेले फार थोडे उरले होते. फिल्डरचं कसब तक्त्यात नीट उमटत नाही, .२७२ची सरासरी बघून कुणी थांबत नाही, आणि त्याची पहिली आठ वर्षं गेली त्या असोसिएशनला बरेच लोक दुय्यम समजत. तिला अधिकृतपणे 'मेजर लीग', म्हणजे अव्वल दर्जाची लीग, म्हणून मान्यता द्यायचं काम एका समितीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस केलं. पुढे जुन्या वृत्तपत्रांतले सामन्यांचे तक्ते धुंडाळणारे संशोधक वाढले, त्या काळातल्या फिल्डिंगची तुलना त्याच काळाशी करायची रीत रुळली, आणि २००० साली जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या व्हेटरन्स कमिटीने मॅकफीला निवडलं, मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनी. त्याच वर्षी सिनसिनाटीला दोनदा विजेतेपद मिळवून देणारा मॅनेजर स्पार्की अँडरसन आणि त्याच्या संघातला टोनी पेरेझ हेही हॉलमध्ये गेले. त्यामुळे सोहळ्याला सिनसिनाटीहून गेलेल्या चाहत्यांना तीन नावांसाठी टाळ्या वाजवता आल्या, त्यातलं एक बहुतेकांनी तोवर फक्त आकड्यांच्या पुस्तकातच वाचलं असणार.